पेन्सिलीची खूण

निवृत्त झाल्यावर आमच्या शिक्षण संस्थेने मला एक उद्योग लावून दिला आहे. वर्षातून तीन-चार वेळा वेगवेगळ्या शाखांमधले हेडक्लार्क आणि नवे प्रशासन अधिकारी पिंपळे सौदागरच्या सभागृहात जमतात आणि मी त्यांना नेतृत्व शिकवते. हाताखालच्या माणसांवर विश्वास टाका, अधिकार वाटून द्या, तुम्ही नसतानाही ऑफिस चाललं पाहिजे, असं सगळं मी ठणकावून सांगते. लोकां सांगे ब्रह्मज्ञान! जेवणाच्या सुट्टीच्या जरा आधी मागच्या रांगेतल्या कडेच्या खुर्चीवर तो माणूस येऊन बसतो. मांडीवर कापडी पिशवी आणि तिच्यावर दोन्ही हात. तिथे कोणी नसतं हे मला माहीत आहे, तरी मी त्या बाजूला बघत नाही.

हा माणूस मला पहिल्यांदा भेटला तो चाकणच्या आमच्या शाळेत. तिथे मी ऑफिसची प्रमुख होते. प्रवेश, दाखले, पगारपत्रकं, सरकारी पत्रव्यवहार, सगळं माझ्या टेबलावरून जायचं. चाकणच्या शाळेत मुलं येतात तशी जातातही. बापाचं कंत्राट संपलं की कुटुंब गाशा गुंडाळतं, आणि जाताना शाळा सोडल्याचा दाखला मागतं. त्यामुळे आमच्याकडे बारा महिने दाखल्यांचं काम असे.

माझ्या आधीच्या हेडक्लार्कसाहेबांनी एक शिस्त घालून दिली होती. त्यांच्या काळात एका दाखल्यावर जन्मतारीख चुकीची गेली होती आणि त्यापायी त्यांना पुष्कळ मनस्ताप झाला होता. तेव्हापासून ते प्रत्येक दाखला जनरल रजिस्टरशी स्वतः ताडून बघत आणि कोपऱ्यात पेन्सिलीने बरोबरची बारीक खूण करत. ती खूण दिसली की मुख्याध्यापिका डोळे मिटून सही करायच्या. दुधाने तोंड पोळलेल्या माणसाची ती खूण. मी ती वारसाहक्काने घेतली आणि आणखी कडक केली. माझी खूण नसलेला कागद पुढे न्यायचा नाही, अशी ताकीदच दिली होती.

ही ताकीद सगळ्यांत जास्त ऐकली ती माझ्या हाताखालच्या क्लार्कने. ती चाकणचीच, जुन्या घरातली. कामाला वाघीण. तिने लिहिलेल्या दाखल्यात मला कधी चूक सापडली नाही. पण हे मी तिला कधी सांगितलं नाही. उलट एकदा तिने घाईत स्वतःच खूण केली होती, तेव्हा मी सगळ्यांदेखत खोडरबर आणून तिच्याकडूनच ती खोडून घेतली होती. आज आठवलं की माझी मलाच लाज वाटते.

तर तो माणूस. वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात कंत्राटी होता, मूळ मराठवाड्यातला. कंत्राट संपलं म्हणून कुटुंब गावी निघालं होतं. मुलगी आमच्याकडे सातवी झालेली. गावातली शाळा सातवीपर्यंतच. पुढचं शिकायचं तर जिल्ह्याच्या गावची मुलींची निवासी शाळा, आणि तिथे तिचा नंबर लागला होता. शनिवारी दुपारी बारापर्यंत मूळ दाखला हजर करायचा, नाहीतर जागा दुसऱ्या मुलीला. हे सगळं त्याने मला बुधवारी उभ्याउभ्या सांगितलं.

“म्याडम, शुक्रवारी चारची गाडी हाय आमची. तवर हुईल ना?”

“दादा, शुक्रवारी सकाळी या आणि घेऊन जा,” मी म्हणाले.

दाखला क्लार्कने तासाभरात लिहून माझ्या ट्रेमध्ये ठेवला. घरी जाण्यापूर्वी खूण करायची, असं मी मनाशी ठरवलं होतं. पण गुरुवार-शुक्रवार संस्थेने आम्हा ऑफिसप्रमुखांसाठी नेतृत्व विकासाचं शिबिर ठेवलं होतं आणि येताना आपल्या ऑफिसची माहिती सजवून आणायला सांगितलं होतं. मी संध्याकाळभर त्या सजावटीत गुंतले. ट्रे तसाच राहिला.

शिबिर याच सभागृहात होतं, जिथे आता मी शिकवते. शिकवणारे गृहस्थ कंपन्यांमध्ये मोठ्या हुद्द्यावर राहिलेले होते. त्यांनी आल्या आल्या सगळ्यांचे मोबाइल एका वेताच्या टोपलीत जमा करून घेतले. शुक्रवारी त्यांनी एकेक कोरा कागद दिला आणि विचारलं, तुम्ही नसता तेव्हा तुमचं ऑफिस कसं चालतं ते एका वाक्यात लिहा. मी लिहिलं, “माझ्याशिवाय आमच्या ऑफिसात पानही हलत नाही.” त्यांनी ते मोठ्याने वाचलं. लोक हसले, काहींनी टाळ्या वाजवल्या. ते नुसते माझ्याकडे बघत राहिले. मला ती दाद वाटली. इतकी मी शहाणी.

त्याच वेळी तो माणूस आमच्या ऑफिसबाहेरच्या बाकावर बसून होता. अकराला आला होता. क्लार्कने दाखला ट्रेमधून काढला, रजिस्टरशी पुन्हा ताडला आणि मुख्याध्यापिकांकडे नेला. त्या म्हणाल्या, “बाईंची खूण नाही. त्यांना विचार.” क्लार्कने मला सात वेळा फोन लावला. मोबाइल टोपलीत होता. शिपायाने त्या माणसाला चहा विचारला, त्याने नको म्हटलं. दर अर्ध्या तासाने तो खिडकीशी यायचा आणि काही न विचारता परत बाकावर बसायचा. सव्वाचारला उठला आणि निघून गेला. हे सगळं मला नंतर शिपायाने सांगितलं. तेव्हापासून मी ते इतक्यांदा पाहिलं आहे की तिथे मी नव्हतेच, यावर माझाच विश्वास बसत नाही.

शनिवारी सकाळी मी आल्या आल्या दाखल्यावर खूण केली. मुख्याध्यापिकांची सही झाली. त्या माणसाचा फोन लागेना. “फोन लागला की येईल,” असं म्हणून मी दाखला फायलीत ठेवून दिला. कोणाला पाठवावं, आपण स्वतः जावं, हे मला सुचलं नाही. सुचलं नाही म्हणणंही खोटंच. सुचलं होतं, पण कमीपणा वाटला. त्या दिवशी क्लार्क दहाला पोस्टात म्हणून गेली ती साडेबाराला उगवली. मी तिला फैलावर घेतलं. “पोस्टात गर्दी होती, मॅडम,” एवढंच म्हणाली.

तो माणूस पुन्हा आला नाही. वर्षं गेली. न नेलेला तो दाखला मी जपून ठेवला. दर जूनला फाइल उघडायची आणि तो आहे ना ते बघायची. कधीतरी येईल, मुलगी आता नववीत असेल, दहावीत असेल, असे हिशेब मांडायची. बाहेरचा बाक मी बदलायला लावला, लोखंडी खुर्च्या आणवल्या. तरी टेबलावरून मान वर केली की खिडकीच्या पलीकडे मला ती पिशवी आणि ते दोन हात दिसत. चाकणच्या चौकात कंपनीच्या बसमधून माणसं उतरताना मी प्रत्येकाचा चेहरा बघत असे. मी खूण करायची पद्धतही बंद केली. दाखल्यांचं सगळं काम क्लार्ककडे सोपवलं. संस्थेला वाटलं शिबिराचा गुण आला, म्हणून तर पुढे मला शिकवायला बोलावलं.

निवृत्तीच्या दिवशी मी तिला कपाटाच्या किल्ल्या दिल्या. आता ऑफिसची प्रमुख तीच होणार होती. शेवटी तो दाखला तिच्यापुढे ठेवला आणि म्हटलं, “हा सांभाळ. ती माणसं कधीतरी न्यायला येतील.”

तिने दाखल्याकडे बघितलं, मग माझ्याकडे.

“न्हाई येणार, मॅडम,” ती म्हणाली. एरवी ऑफिसात जपून बोलणारी, त्या दिवशी तिची घरची बोली बाहेर आली. “मी नेला व्हता त्यांच्याकडं. त्याच शनिवारी. पोस्टात गेलेच नव्हते मी.”

“मग हा इथे कसा?” मी विचारलं.

तिने अर्जावरचा पत्ता शोधून खोली गाठली होती. आदल्या दिवशीची गाडी चुकल्यामुळे आता टेम्पोत सामान चढत होतं. बापाने दाखला हातातसुद्धा घेतला नाही. “आता बारापर्यंत तिथं कोण पोचतंय? ठेवा तुमच्याकडंच,” म्हणाला आणि पाठ फिरवली. क्लार्क म्हणाली, दुसऱ्या शाळेत चालेल, घ्या. तो म्हणाला, दुसरी शाळा लांबच्या गावाला, रोज एवढ्या लांब पोरीला धाडणार नाही. मुलगी टेम्पोच्या चाकाजवळ उभी होती. तिने दाखला घेऊन नीट वाचला आणि कोपऱ्यातल्या पेन्सिलीच्या खुणेवर बोट ठेवलं.

“ती मला म्हणाली, बाई, हे येवढंच राह्यलं व्हतं का?”

क्लार्कने दाखला परत आणून गुपचूप फायलीत ठेवला होता. ते सगळं एकटीने मनात वागवलं होतं. मी दर जूनला फाइल उघडून बघायची तेव्हा ती समोरच्याच टेबलावर असायची.

“तू मला का नाही सांगितलंस?”

“तुम्हाला न विचारता गेले व्हते ना,” ती म्हणाली.