एक ग्लास कमी

रविवारी चर्चमध्ये माझा असा संताप झाला की अजून डोकं ठणकतंय. आणि तोही कधी, तर प्रभुभोजनाच्या वेळी!

आमचं चर्च पडेगावला, छोटंसंच. महिन्यातून एकदा प्रभुभोजन असतं, म्हणजे येशूच्या आठवणीत सगळ्यांनी ब्रेडचा तुकडा आणि द्राक्षरस घ्यायचा, आणि त्याची तयारी नऊ वर्षं माझ्याकडे आहे. गुलमंडीतून काळ्या मनुका आणायच्या, उकळून रस गाळायचा, ब्रेडच्या कडा काढून तुकडे करायचे, माणशी एक छोटा ग्लास मांडायचा...

शनिवारी पाळकसाहेबांचा फोन आला. "ताई, उद्यापासून शमुवेलपण घेणार आहे. एक ग्लास वाढवा." शमुवेल म्हणजे माझा धाकटा भाऊ. मी "बरं" म्हणाले आणि ग्लास वाढवला नाही. विसरले नव्हते... मुद्दाम नाही वाढवला.

आई दवाखान्यात शेवटच्या घटका मोजत होती तेव्हा सारखं विचारायची, "शमू आला का गं?" शमू गंगापूरच्या स्टँडवर पिऊन पडला होता. तिच्या मातीलासुद्धा आला नाही. आता दारू सुटली, चर्च आठवलं आणि म्हणे देवानं माफ केलं! अहो, मला कोणी विचारलं? आईला रोज खोटं उत्तर मी देत होते, देव नाही.

दर वेळी ट्रे बायकांकडून सुरू होतो. हा लाजून पुरुषांत अगदी मागं बसणार आणि त्याच्यापुढं रिकामा ट्रे येणार, असा माझा हिशोब. पण त्या दिवशी पाळकसाहेबांनी ट्रे आधी पुरुषांकडे दिला. शमूला ग्लास मिळाला. मी बसते बायकांच्या शेवटच्या रांगेत, किचनच्या दाराशी. माझ्यापर्यंत ट्रे आला तो रिकामा.

आमच्याकडे सगळ्यांच्या हातात ग्लास आल्याशिवाय कोणी पीत नाही. अख्खं चर्च माझ्याकडे बघत थांबलं. मेल्याहून मेल्यासारखं झालं.

तेवढ्यात शमू उठून आला. आपला ग्लास तसाच तिरका माझ्यापुढं धरला. "अक्का, तू घे. तसंबी माझी लायकी नाय."

झालं... माझा भडकाच उडाला. "लायकी बघून मिळत असतं तर इथं एकाला तरी घोट मिळाला असता का रे? मोठा आला लायकीवाला! धर नीट, सांडशील!"

बोलून गेले आणि मग माझं मलाच दिसलं. त्याच्या हातात ग्लास होता आणि माझे हात रिकामे होते.

तशीच किचनमध्ये गेले. ग्लास उरला नव्हता, म्हणून स्टीलची वाटी घेतली. पातेल्यावरचं झाकण काढलं तर आत अर्ध्याहून जास्त रस तसाच होता. माझ्याच हातानं केलेला. ओट्याला धरून रडले, मग बाहेर येऊन सगळ्यांबरोबर वाटीनं प्यायले.

राग गेला का? नाही. घरी येताना शमूशी एक शब्द बोलले नाही, आणि हे लिहितानाही दात आवळलेलेच आहेत.

पण प्रभू, माझ्यासारख्या आकसखोर बाईसाठीही तू पातेल्यात ठेवलं होतंस, तुझे उपकार. पुढच्या महिन्यात ग्लास बरोबर मांडीन. आणि एवढा निरोप आईला दे... शमू आला.