फुली वर, गोल खाली

अंडेकाकांना अंड्यांबद्दल कुणी काही शिकवायला गेलं, की ते चष्मा काढून पुसायला घ्यायचे. समोरचा गप्प होईपर्यंत त्यांचा चष्मा पुसून व्हायचा नाही. एकतीस वर्षं कोंबडीची अंडी उबवणाऱ्या हॅचरीत काढलेला माणूस. अंडं दिव्यासमोर धरून आत जीव आहे की नाही ते एका नजरेत सांगायचे. निवृत्त झाले तरी गल्लीत नाव तेच राहिलं, आणि खरं सांगायचं तर त्यांनाही ते आवडायचं.

घरात माणसं दोनच, काका आणि काकू. मूलबाळ झालं नाही. परसात मात्र कासवांची जोडी होती, काकूंच्या थोरल्या बहिणीनं घर बदलताना देऊन टाकलेली. नराचं नाव साहेब, मादीचं बाईसाहेब. साहेब दिवसभर पाण्याच्या टाकीच्या सावलीत पडून असायचे आणि बाईसाहेब सगळ्या परसाची तपासणी करत फिरायच्या. "आपल्या घरासारखंच आहे सगळं," काकू म्हणायच्या. एकोणीस वर्षांत बाईसाहेबांनी एकही अंडं घातलं नव्हतं. त्यावरून काकू कधी काही बोलल्या नाहीत, पण कोथिंबिरीच्या काड्या आधी तिच्यापुढे जायच्या.

त्या वर्षी काकूंचं पोटाचं दुखणं हाताबाहेर गेलं. डॉक्टरांनी काकांना बाजूला घेऊन सहा महिने सांगितले. घरी येताना टॅक्सीतच काकूंनी ते त्यांच्या तोंडून काढून घेतलं. काकांच्या पोटात काही राहायचंच नाही. जे असेल ते चेहऱ्यावर आधी यायचं.

काकूंची खाट स्वयंपाकघराच्या खिडकीशी आणली. तिथूनच एका सकाळी त्यांना दिसलं, की बाईसाहेब लिंबाच्या झाडाखाली मागच्या पायांनी माती उकरताहेत. आधी जागा स्वतःच ओली केली, मग एकदा हा पाय, एकदा तो. दोन तास. मग पाच अंडी, पांढरी, गोल, एकेक पायानं अलगद खाली सारलेली. खड्डा बुजवून, पोटाच्या कवचानं माती चोपून त्या निघूनही गेल्या.

काकू रडत होत्या आणि हसतही होत्या. "पिल्लं बघूनच जाईन मी," त्या म्हणाल्या.

काका खुरपं घेऊन निघाले.

"अहो, राहू द्या ना तिथंच. तिचं तिला कळतंय."

"अगं, कावळे आहेत, मुंग्या आहेत. एकतीस वर्षं काय गवत कापलं का मी?"

त्यांनी अंडी काढली. पत्र्याच्या खोक्यात लाकडाचा भुसा घातला, बल्ब बसवला, थर्मामीटर लावलं, आणि खोकं काकूंच्या खाटेशी स्टुलावर ठेवलं. प्रत्येक अंड्यावर पेन्सिलीनं एका बाजूला फुली, दुसऱ्या बाजूला गोल. हॅचरीतला पहिला धडा तोच: अंडं दिवसातून निदान तीनदा फिरवायचं, नाहीतर पिल्लू कवचाला चिकटून मरतं. सकाळची आणि रात्रीची फेरी काकांची. दुपारी दोनची त्यांनी काकूंना दिली. आता काकूंच्या हातून पाण्याचा पेलासुद्धा उचलला जात नव्हता, पण पाच अंडी त्या फिरवायच्या. फुली वर, गोल खाली. मग खोक्याशेजारच्या फेऱ्यांच्या तक्त्यावर खूण करायच्या आणि दमून झोपायच्या. इतकी शांत झोप त्यांना एरवी कधी लागत नव्हती.

"किती दिवस लागतील हो?"

"कोंबडीला एकवीस, बदकाला अठ्ठावीस. हिला धर चाळीस." हे त्यांनी ठोकून दिलं होतं. कुणाला विचारायला जाणं म्हणजे अंडेकाकांनी अंड्याबद्दल विचारायला जाणं.

चाळीस झाले, पन्नास झाले. टॉर्चसमोर धरल्यावर आत एकही शीर दिसेना. कवच जाड असेल, ते स्वतःला म्हणायचे. हॅचरीत दुसऱ्या कुणी असं म्हटलं असतं, तर त्याला त्यांनी वेड्यात काढलं असतं.

साठाव्या दिवशी एक अंडं रुमालात गुंडाळून ते जनावरांच्या डॉक्टरीणबाईंकडे गेले. ती पोर त्यांच्या निम्म्या वयाची. तिनं अंडं बघितलं, फुली बघितली, गोल बघितला.

"फिरवत होता का, काका?"

"दिवसातून तीनदा. एकदाही चुकलो नाही."

तिनं अंडं अलगद रुमालावर ठेवलं. "कासवाचं अंडं हलवायचं नसतं. पहिल्या दिवस-दोन दिवसांत जीव वरच्या बाजूला कवचाला धरतो. ते उलटं केलं की तो टिकत नाही. ही बरीच आधी गेलीत."

काकांनी चष्मा काढला नाही. अंडं रुमालात बांधलं आणि चालत घरी आले. रस्ताभर त्यांच्या डोळ्यांपुढे काकूंची बोटं होती. आपण मारली ती मारली, पण तिच्या हातूनही मारवली. हे तिला कसं सांगायचं?

"काय म्हणाल्या?" काकूंनी विचारलं.

"अजून वेळ लागेल म्हणाल्या." त्यांनी अंडं जागेवर ठेवलं आणि तोंड धुवायला गेले.

काकूंनी त्यांच्या पाठीकडे बराच वेळ बघितलं. मग घड्याळात दोन वाजले, आणि त्यांनी पाचही अंडी फिरवली.

असे अडतीस दिवस गेले. सकाळी काका फिरवायचे, दुपारी काकू, रात्री परत काका. शेवटच्या आठवड्यात काकूंचा हात खोक्यापर्यंत पोचेना, तेव्हा काका मनगट धरून न्यायचे. एके दुपारी तिसऱ्या अंड्यावर त्या थांबल्या.

"बास आता. ही काही व्हायची नाहीत."

काकांनी ते अंडं तिच्या बोटांतून सोडवून खोक्यात ठेवलं.

"त्या दिवशी तोंड धुवायला गेलात तेव्हाच कळलं मला."

"मग फिरवत का होतीस?"

"तुम्हाला वाटत होतं ना, मला कळलं नाही म्हणून." त्या थोडं हसल्या. "पुढच्या वेळी तिचं तिला करू द्या."

चार दिवसांनी काकू गेल्या. काकांनी पाचही अंडी लिंबाखाली पुरली, बाईसाहेबांनी घातली होती तिथंच. स्वयंपाकघराची खिडकी त्यांनी बरेच महिने लावून ठेवली.

पुढच्या वर्षी ती उघडली, कारण बाहेर माती खरवडल्याचा आवाज आला. चार अंडी, पायानं अलगद खाली सारलेली. काका उठून परसात आले, खुरपंही हातात आलं होतं. ते त्यांनी भिंतीला टेकवलं. खड्ड्यावर तारेची टोपली पालथी घालून वर दगड ठेवला, त्यापलीकडे काही केलं नाही.

रोज दुपारी दोनला ते खुर्ची घेऊन लिंबाखाली बसायचे, दोन्ही हात मांड्यांखाली दाबून. एकशे एकविसाव्या दुपारी टोपलीखालची माती हलली. आधी एक इवलंसं डोकं वर आलं, नाकावर मातीचा कण घेऊन. तो कण पुसायला काकांचा हात आपसूक निघाला.

त्यांनी तो मागे घेतला. स्वयंपाकघराची खिडकी सताड उघडी होती आणि आत खाट रिकामी होती. हात पुन्हा मांडीखाली दाबून धरून अंडेकाका हुंदके देऊन रडले.