श्रावणातलं हाड

कपडे मशीनमध्ये टाकताना नवऱ्याच्या शर्टाच्या खिशाला तंदुरीचा वास आला आणि मी थबकले. श्रावण चालू आहे.

लहानपणी, इंदिरानगरच्या बिल्डिंगमध्ये, असाच एक श्रावण होता. घरात महिनाभर अंडंही येत नसे, आणि आमची इवलीशी पॉमेरेनियन कुत्री पिंकी घशात काहीतरी अडकून तडफडत होती. आईचा संशय थेट खालच्या काकूंवर गेला, कारण त्या श्रावण पाळत नसत. "त्यांनीच टाकलं असणार काहीतरी!"

बाबांनी पिंकीचा जबडा उघडून बोटं आत घातली. "कोंबडीचं शिजलेलं हाड असंच टोकदार तुटतं. एवढ्याशा कुत्रीला देऊच नये," ते पुटपुटले.

"अजून बाहेर आलेलं नाही," आई शांतपणे म्हणाली, "मग कोंबडीचं आहे हे तुम्हाला कसं कळलं?"

हाड निघालं. पिंकी शिंकली आणि बाबांच्या खिशावरचा तेलकट डाग हुंगायला लागली.

बाबांनी तिला पटकन उचलून छातीशी घट्ट धरलं. तेव्हा मला ती पिंकीची काळजी वाटली होती. आता नुसती काळजी वाटत नाही.

शर्ट हातात घेऊन मी आमच्या कुत्र्याला बोलावलं, त्याचं तोंड उघडून नीट पाहिलं, आणि मगच नवऱ्याला हाक मारली.