बेलचं बटण

बंगळूरच्या आमच्या प्रयोगशाळेतल्या तंत्रज्ञ अण्णांना बोलून झाल्यावर थांबायची सवयच नव्हती. दारातून एक वाक्य टाकायचे आणि आपण तोंड उघडेपर्यंत व्हरांड्याच्या टोकाला पोचायचे. घर पिढ्यान्‌पिढ्या बंगळूरच्याच शिवाजीनगरातलं, त्यामुळे मराठीत कानडी सहज मिसळायची. ते "सरी", म्हणजे "ठीक", म्हणाले की समजायचं, माणूस गेला.

नव्वदच्या दशकात मी एका चिमुकल्या थर्मोइलेक्ट्रिक कूलरशी झगडत होते. वीज सोडली की त्या चकतीची एक बाजू गार पडायची. अजून गार व्हावी म्हणून मी करंट वाढवायचे, तर ती उलट तापायची. माझा सगळा प्रबंध तिथे अडला होता.

एका सकाळी ते बाजारातून दारावरच्या बेलचं बटण घेऊन आले आणि माझ्या वायरीत जोडून मोकळे झाले.

"करंट भरपूर ठेवा, अक्का. गारवा जागच्या जागी होतो, गरमी आतून चालत येते. ती पोचायच्या आत बोट काढा. पाहुणे दाबतात तसं नाही, पोरं दाबून पळतात तसं. स्वल्पच!"

मी दाबलं आणि सोडलं. तापमानाचा काटा कधी नव्हे इतका खाली गेला, क्षणभर टेकला, मग वर चढला. माझ्या मोजमापाला तेवढा क्षण पुरे होता.

"अण्णा, वाचवलंत मला!" मी ओरडतच वळले.

दारात कुणीच नव्हतं. पन्नाशीतलं ते पोर बेल वाजवून केव्हाच पळालं होतं.