दुभाषी म्हणून नेमलेली डॉक्टरीण

झुरिचहून डॉक्टरकीची पदवी घेऊन पेर्सिदा येव्तिच व्रानोवोला परतली, तेव्हा सर्बियाच्या सरकारने तिला 'सहायक' म्हणून नेमलं. त्याला चौदा वर्षं झाली. मधल्या काळात दोन युद्धं झाली, तिने तंबूत उभं राहून चाळीसेक हातपाय कापले, पण कागदावर ती सहायकच राहिली. तिच्या हाताखाली शिकलेले पुरुष मेजर झाले. जिल्ह्याचे वैद्यकीय प्रमुख कर्नल अक्सेन्तिये त्यांना अहोजाहो करत आणि तिला 'पोरी' म्हणत. ती एकेचाळीस वर्षांची होती.

१९१५च्या फेब्रुवारीत उवांतून पसरणाऱ्या टायफसच्या तापाने गावात रोज वीस-पंचवीस माणसं मरत होती, तेव्हा स्कॉटलंडहून एक अख्खं इस्पितळ आलं. डॉक्टर बायका, परिचारिका बायका, मोटारगाडी हाकणाऱ्यासुद्धा बायकाच. त्यांच्या स्वतःच्या सैन्याने त्यांना दारातून परत पाठवलं होतं, म्हणून त्या इथे आल्या होत्या. व्रानोवोने स्टेशनवर बँड लावला, रिवाजाप्रमाणे स्वागताला पाव आणि मीठ पुढे केलं. कर्नलने प्रमुख डॉक्टर ग्रिझेल रँकिन हिच्या हाताचं चुंबन घेतलं. पेर्सिदा गर्दीत उभी होती. चौदा वर्षांत कर्नलने तिला बसायला खुर्ची दिली नव्हती.

दुसऱ्या दिवशी त्याने तिला बोलावलं.

"पोरी, तुला जर्मन येतं ना? ही रँकिनबाई बर्नला शिकलीय. आजपासून तू तिची दुभाषी."

"मी शस्त्रक्रिया करते, कर्नलसाहेब."

"त्या करणाऱ्या त्यांच्याकडे आहेत. तू बोल फक्त. नाहीतरी बोलायला तुला आवडतंच."

इस्पितळ मुलींच्या शाळेत थाटलं होतं. रँकिन उंच, हाडकुळी, करड्या केसांची बाई. ओळख करून घेण्यात तिने वेळ घालवला नाही.

"मी सांगेन तेवढं सांगायचं," ती म्हणाली. "तुमचं मत मी विचारेन तेव्हा द्या."

"तुम्ही विचारणार नाही, म्हणून आधीच देते," पेर्सिदा म्हणाली. "टायफसचे आणि जखमी एकाच दालनात ठेवलेत. उवांना तुमचा झेंडा ओळखता येत नाही."

संध्याकाळपर्यंत रँकिनने टायफसचे रुग्ण वरच्या मजल्यावर हलवले, पण पेर्सिदाचं नाव काढलं नाही.

त्या दोघी जर्मनमध्ये बोलायच्या आणि दालनातल्या सैनिकांचं डोकं फिरायचं. ती शत्रूची भाषा. एका म्हाताऱ्या शिपायाने पेर्सिदाच्या पायाशी थुंकून विचारलं, "काय गं, कुणाचं मीठ खातेस तू?" त्याच तोंडाने तो रँकिनला मात्र "देवाने धाडलेली माझी ताई" म्हणायचा. पेर्सिदाने त्याची थुंकी त्यालाच पुसायला लावली. तिला या परक्या बायांचा राग यायचा. त्यांचे पांढरे रबरी हातमोजे, चहाची वेळ, कुणी मेलं तर त्यांचं हलक्या आवाजात 'बिचारा' म्हणणं, सगळ्याचा. त्यांना इथे येऊन तीन आठवडे झाले होते आणि गावातल्या बायका त्यांच्यासाठी मोजे विणत होत्या.

मार्चमध्ये रँकिनच्या दोन्ही सहकारी डॉक्टर टायफसने आजारी पडल्या. त्या दिवशी ती सकाळपासून एकटी टेबलाशी उभी होती आणि बाहेर तीन जण ओळीत होते. पहिला सिबिन नावाचा शेतकरी, हिमदंशाने पाय घोट्यापर्यंत काळा पडलेला.

"हा मी करते," पेर्सिदा म्हणाली.

रँकिनने तिच्या हातांकडे बराच वेळ पाहिलं. "सांगा त्याला."

पेर्सिदाने सिबिनला सांगितलं. तो कोपरावर उठून बसला.

"तू? अगं, तू पाणचक्कीवाल्या येव्तिचची ना? तुझ्या बापाने आमच्या मक्यात वाळू मिसळली, आता तू माझा पाय कापणार? नाही. या विलायतेच्या बाईला कापू दे. शिकलेली आहे ती."

"काय म्हणाला?" रँकिनने विचारलं.

पेर्सिदाने एक शब्दही न गाळता सांगितलं. वाळूसुद्धा.

"त्याला सांगा, माझ्या देशात माझ्याबद्दल हेच म्हणत होते, आणि मी तेव्हाही ऐकलं नव्हतं. या घरात रुग्ण डॉक्टर निवडत नाही. येव्तिच कापतील, नाहीतर त्याने कर्नलच्या इस्पितळात जावं."

"मला तुमची मेहेरबानी नको," पेर्सिदा म्हणाली.

"कसली मेहेरबानी? मला तीन माणसं उरकायचीत. चुकलात तर हाकलून देईन."

पेर्सिदाने पाय कापला. काळ्या आणि जिवंत मांसाची सीमा जिथे स्पष्ट झाली होती, तिथून दोन बोटं वर, गुडघा राखून. रँकिनने तो गुडघ्याच्या वरून कापला असता, आणि त्यावरून दोघींचं रुग्णाच्या अंगावरच कडाक्याचं भांडण झालं. जखम भरली. सिबिन कुबड्या घेऊन गावी गेला आणि जन्मभर सांगत राहिला, की आपला पाय विलायतेच्या डॉक्टरिणीने कापला, म्हणून गुडघा शाबूत आहे.

बातमी कर्नलपर्यंत पोचायला आठवडा लागला. तो तणतणत आला. त्याला सर्बियन सोडून काही येत नव्हतं आणि रँकिनला सर्बियन येत नव्हतं. म्हणून भांडण पेर्सिदावरून आणि पेर्सिदाच्याच तोंडून झालं.

"या बाईला सांग, दुभाष्याला सुरी देणं हा माझा अपमान आहे."

पेर्सिदाने सांगितलं.

"त्यांना विचारा, पदवी असलेल्या सर्जनला दुभाषी नेमणं हा कुणाचा अपमान आहे?"

पेर्सिदाने विचारलं. कर्नल तिच्यावर डाफरला, "हे ती म्हणतेय की तू?"

"ती. मी असते तर याहून वाईट बोलले असते."

"सांग मग तिला, ही पोरगी तापट आहे, तोंडाळ आहे, वरिष्ठांचं ऐकत नाही!"

पेर्सिदाने तेही शांतपणे जर्मनमध्ये सांगितलं. रँकिनने मान डोलावली. "खरं आहे. माझंही ऐकत नाही. पुढे?"

"पुढे काही नाही! आजपासून हिला कामावरून काढलं. सरकारी यादीतून नाव गेलं. कळलं का पोरी?"

हे मात्र पेर्सिदाने पहिल्यांदाच जमिनीकडे बघत सांगितलं. चौदा वर्षं तिने त्या यादीसाठी सगळं गिळलं होतं.

रँकिनने हात पुसले. "छान झालं. दुभाषी म्हणून त्या अगदीच वाईट होत्या, मध्ये मध्ये वाद घालायच्या. मला सर्जन हवीय. उद्या सात वाजता या."

ती काय म्हणाली, ते कर्नलने विचारलं. पेर्सिदा म्हणाली, "तुमचं भाषांतर करायला आता मी नोकरीत नाही," आणि कोट घेऊन निघून गेली. दुसऱ्या दिवशी ती पावणेसातला हजर होती.

त्यानंतरही दोघींचं कधी पटलं नाही. टाके कसे घालायचे यावरून त्या रोज भांडल्या, एका टेबलावर जेवायला बसल्या तरी पाठ फिरवून. पण उन्हाळा सरेपर्यंत त्या शाळेतून सहाशे माणसं आपल्या पायांनी नाहीतर कुबड्यांवर बाहेर पडली.

ऑक्टोबरमध्ये आघाडी कोसळली. सैन्याने सगळ्यांना डोंगरांपलीकडे, समुद्राकडे निघायचा हुकूम दिला. हलवता न येणारे चौतीस जखमी उरले होते.

"मी राहते," रँकिन म्हणाली.

"तुम्हाला बाजारात दूध मागता येत नाही. तुमच्या बायकांना घेऊन जा. इथे मी राहते."

"ते तुम्हाला कैद करतील."

"जर्मन मला येतं, तुम्हीच ऐकलंय. मी त्यांच्याशीही भांडेन."

रँकिन चिडली, ओरडली, शेवटी गाडीत चढली. मिठी नाही, हस्तांदोलन नाही. जाताना तिने एक पत्र पेर्सिदाच्या हातात कोंबलं, मंत्रालयासाठी. त्यात लिहिलं होतं: ही स्त्री उद्धट आहे, हट्टी आहे, आणि माझ्या पोटावर सुरी चालवायची वेळ आली तर मी हिलाच बोलावीन.

शत्रू चौथ्या दिवशी आला. पेर्सिदाने त्यांच्या अधिकाऱ्यांकडून सरपण, कापूस आणि बटाटे भांडून घेतले. चौतीसांतले सव्वीस जगले. युद्ध संपल्यावर तिने ते पत्र मंत्रालयात दिलं. उत्तर आलं, की परक्या खाजगी संस्थेत केलेलं काम सेवेत धरता येत नाही, आणि अर्जदार तेव्हा बडतर्फ होती. तिला शाळांची डॉक्टर नेमलं. सहायक.

पहिल्या दिवशी ती त्याच मुलींच्या शाळेत गेली. तरुण शिक्षिकेने तिचा कोट खुंटीला टांगला आणि विचारलं, "बाई, डॉक्टरसाहेब कधी येणार?"

"आलेत," पेर्सिदा म्हणाली. "खिडक्या उघडा, आणि पहिल्या बाकावरची मुलगी इकडे पाठवा. तिच्या केसांत उवा आहेत, मला इथून दिसतायत."