पेशंट मी, बोलणार आई

जानेवारीतल्या एका शनिवारी आम्ही चौघं रिक्षाने भिवंडीत दवाखान्यात गेलो. आई, काका, टेमघरची आत्या आणि मी. पेशंट मी एकटीच...

आमच्या राहनाळला डॉक्टरकडे एकट्याने जायची पद्धत नाही. पेशंटने स्टुलावर बसायचं, जीभ दाखवायची, आणि त्याला काय होतंय ते घरातल्या मोठ्यांनी सांगायचं. माझं पोट नेमकं कुठे दुखतं हे मला बरेचदा आईच्या तोंडूनच कळलंय!

मी डी.एड.च्या दुसऱ्या वर्षाला होते. सराव पाठ घ्यायला वर्गात उभी राहिले की छाती धडधडायची, तळवे ओले आणि आवाज बंद. दोनदा तर पाठ अर्धवट सोडून चक्क खुर्चीत बसले... चाळीस पोरं माझ्याकडे टकामका बघत होती.

वार्षिक पाठ मार्चमध्ये होता. तो गेला की वर्ष गेलं, आणि वर्ष गेलं की शिक्षण बंद करून स्थळं बघायची, हे घरात ठरून गेलेलं. मला शिक्षिका व्हायचं होतं हो... मनापासून.

ईसीजी झाला, रक्त तपासलं, दृष्टसुद्धा काढून झाली. सगळं नॉर्मल. शेवटी आमचे नेहमीचे डॉक्टर म्हणाले, शनिवारी माझ्याच दवाखान्यात एक मॅडम येतात, त्या बोलून उपचार करतात, त्यांना दाखवा. आई घाबरली. "आमची पोर येडी न्हाय हो डॉक्टर!" डॉक्टर म्हणाले, "मी कुठे म्हणतोय तसं?"

तर त्या शनिवारी आम्ही चौघंही आत घुसलो. मॅडमनी मला नाव विचारलं, आईने सांगितलं. कॉलेज विचारलं, काकांनी सांगितलं. काय त्रास होतो ते आत्याने सांगितलं, माझ्या लहानपणापासून सुरुवात करून...

मॅडमनी सगळं शांतपणे ऐकलं आणि तिघांना बाहेर बसायची विनंती केली. काका उठेचनात. "तिला काय इचारता मॅडम, ती न्हाय बोलत. आमाला इचारा ना!" पण शेवटी गेले.

मग आम्ही दोघीच. दोन प्लास्टिकच्या खुर्च्या, मध्ये टेबलसुद्धा नाही. मी सवयीने बाही वर करून हात पुढे केला, बीपी बघतील म्हणून... त्यांच्याकडे मशीनच नव्हतं. भिंतीपलीकडच्या कारखान्यात लूमची खटखट चालू होती, तेवढाच आवाज.

"वर्गात उभं राहिल्यावर तुम्हाला काय होतं?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, "थांबा हं, आईला विचारून येते." आणि खरंच उठले, दारापर्यंत गेले!

मॅडम हसल्या नाहीत. फक्त म्हणाल्या, "आईला कसं कळणार?" मी परत येऊन बसले आणि मला रडूच फुटलं. कशाचं ते आजही नीट सांगता येणार नाही. त्यांनी रडू दिलं, घाई केली नाही.

निघताना त्यांनी सांगितलं की इथलं बोलणं इथेच राहील. जिवाला धोका वाटला तरच घरी कळवेन, एरवी आईलाही नाही. आईला माहीत नाही असं माझ्या आयुष्यात तोवर काहीच नव्हतं.

बाहेर आल्या आल्या आईचा प्रश्न, "गोली काय दिली?" गोळी नाही. "मग इतका वेळ केलंत काय?" बोललो. "काय बोललात?" ते मला सांगावंसं वाटेना... आई दोन दिवस फुगून बसली होती.

आणि एक गोष्ट कुणी आधी सांगत नाही म्हणून मी सांगते. मी दर शनिवारी मॅडमकडे जात राहिले, पण दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात मला बरं वाटायच्या ऐवजी जास्तच वाईट वाटायला लागलं. जाऊच नये असं वाटायचं. तेही मॅडमना सांगून टाकलं, तर म्हणाल्या, होतं असं, बरं झालं बोललात.

जादूबिदू काही झाली नाही. श्वास सावकाश सोडायचा सराव, आणि घरी रोज एक तरी गोष्ट स्वतःच्या तोंडाने सांगायची. भात किती हवा, कुठली ओढणी नको... हसू नका, मला तेवढंही जड जायचं. मग चुलत बहिणींना समोर बसवून पाठ घ्यायला लागले. दोघीच होत्या, पण वर्ग तो वर्गच.

मार्चमध्ये वार्षिक पाठ. तिसरीचा वर्ग, हातच्याची वजाबाकी, मागच्या बाकावर परीक्षक. फळ्यावर तारीख लिहिली आणि धडधड सुरू झालीच... गेली कुठे होती!

मी वळले आणि परीक्षकांना म्हटलं, "सर, माझ्या छातीत धडधडतंय. एक मिनिट द्या, मग सुरू करते." त्यांनी मान हलवली. मी श्वास सोडला, आणि पाठ घेतला... पुरा. आवाज कापत होता, पण बंद नाही पडला.

परवा निकाल लागला. पास! संध्याकाळी आत्या पेढे खायला आली आणि सवयीने आईलाच विचारायला लागली, "पोरीनं पाठ घेतला तरी कसा? तवा धडधडलं न्हाय का?"

आईने तोंड उघडलं. मग माझ्याकडे बघितलं, पेढ्यांचा बॉक्स आत्यापुढे सरकवला आणि म्हणाली, "मना काय म्हायती? तिलाच इचार."

मग मी सांगितलं... पहिल्या शनिवारपासून सगळं, आणि आई शेजारी बसून ऐकत होती, मध्ये एकदाही न बोलता. तिला ते किती जड गेलं असेल, ते मला ठाऊक आहे. थँक्यू, आई.