येऊन राहिला

माझ्या बायकोच्या मामांइतका रिकाम्या जागांच्या मागे लागलेला माणूस अख्ख्या नागपुरात सापडणार नाही. बेसा भागातल्या घराच्या पुढच्या खोलीत ते इंग्रजी व्याकरणाचा क्लास चालवत. ‘योग्य शब्द निवडून रिकामी जागा भरा’ हा एकच प्रश्न त्यांना खरा वाटे. निबंध लिहायला लावणं म्हणजे थापा मारायला शिकवणं, असं त्यांचं मत. पुढे त्यांचं मराठीही तसंच झालं. “जवाईबापू, चहा...” एवढं बोलून ते बोट वर करून थांबत. ‘घेतो’ की ‘घेईन’ हे आपलं ठरेपर्यंत कप हाती येत नसे. शेजाऱ्यांच्या शोकसभेत एक गृहस्थ इंग्रजीत म्हणाले, “ही वॉज सफरिंग विथ शुगर.” मामांनी पहिल्या रांगेतून “फ्रॉम” अशी दुरुस्ती केली. विधवेने मान वर करून पाहिलं. त्या घराने त्यांना पुन्हा बोलावलं नाही.

बुटीबोरीच्या कारखान्यांतली पोरं बढतीच्या मुलाखतीसाठी क्लासला येत. त्यातला एक “आय ॲम अंडरस्टँडिंग, सर,” म्हणाला. मामा कडाडले, “‘समजून राहिलो’चं भाषांतर करून राहिला का गा? इंग्रजीत माणूस समजून राहत नाही. समजते, नाहीतर नाही समजत.” तो परत आला नाही. मोबाइलवर इंग्रजी शिकवणारी ॲप आल्यावर बाकीचेही येईनासे झाले.

उरला एक जुना विद्यार्थी, त्यांचा मुलगा. तो कॅनडात असतो. बापलेकांनी इंग्रजीतच बोलायचं, हा नियम तो शाळेत असताना मामांनी घातला होता. पुढे कुणी मोडला नाही. मामींना इंग्रजी येत नाही, हे घरात गृहीत होतं. फोन स्पीकरवर चाले आणि तो संपला की मामी स्वयंपाकघराच्या दारातून विचारत, “काय म्हणते तो? येते का?”

पहिल्या दिवाळीला मुलगा “आय ॲम कमिंग” म्हणाला आणि आला. ठरलेल्या गोष्टीलाच हे रूप लावतात, मामांनी मला अभिमानाने सांगितलं. पुढच्या वर्षी तो “आय विल कम” म्हणाला. “वचन आहे, तिकीट नाही,” मामा म्हणाले. मग ‘आय मे कम’ आलं, त्यानंतर ‘माइट’. शोकसभेत एका शब्दासाठी तोंड उघडणारा हा माणूस बायकोला मात्र दर वेळी एकच भाषांतर ऐकवी, “येऊन राहिला.” म्हणजे ‘आय ॲम कमिंग’, येतोच आहे. मामी गाद्या उन्हात टाकत. दिवाळी सरली की परत घडी घालत.

यंदा मामींच्या हृदयाचं ऑपरेशन झालं. त्या घरी आल्या त्या दिवशी मी तिथेच होतो. मुलाचा फोन आला. “आय वुड हॅव कम, बाबा,” तो म्हणाला आणि कामाचं काहीतरी सांगत राहिला. हे रूप मामा क्लासमध्ये सगळ्यात शेवटी शिकवत: जे घडलं नाही आणि आता घडणारही नाही, त्याच्यासाठी.

“काय म्हणते तो?” आतल्या पलंगावरून मामींनी विचारलं.

“येऊन राहिला.”

“मंग गाद्या टाकाव्या लागते. जवाईबापू, या बरं इकडे.”

मी आत गेलो. त्यांनी आवाज खाली आणला. “एकच टाका. तुमच्या मामांची. पोराची राहू द्या.” मी थांबलो. “वुड हॅव म्हटलं नं त्यानं? सारा जन्म भिंतीमागून क्लास ऐकून राहिली मी.”

“मग दर वेळी विचारता कशाला?”

“आता क्लासले कोणी येत नाही जी. मीही विचारलं नाही, तर ते सांगतीन कोणाले?”

पुढच्या खोलीतून मामांचा आवाज आला, “जवाईबापू, चहा...”

मी शब्द शोधत होतो, तेवढ्यात मामींनीच पडल्या पडल्या उत्तर दिलं, “घेऊन राहिले!”

बाहेर कपबशांचा आवाज आला. मामांनी दुरुस्ती केली नाही.